माणसं मोजताना

दिल्लीच्या हुमायून रोडवरच्या जुडा हयाम सिनेगॉगमध्ये एझिकेल आयझॅक मालेकर अनेक दशकं प्रार्थना चालवत आले. ते मूळच्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजातले, पेशाने वकील. सिनेगॉगमधली सेवा मात्र बिनपगारी.

ज्यूंच्या परंपरेत सामुदायिक प्रार्थनेला किमान १० प्रौढ पुरुष लागतात. मालेकरांनी या दहांत बायकांनाही मोजलं, त्यांना तोराचं वाचन करू दिलं. दिल्लीत ज्यू मूठभर, म्हणून ही तडजोड, असं कुणी म्हणेल. पण माणसं भरत नाहीत म्हणून दार लावून घेणंही शक्य होतं. त्यांनी ते उघडं ठेवलं.

गाझाचं दुःख ताजं असताना ज्यू धर्मगुरूकडून काय शिकायचं, असं मित्र विचारतात. मला वाटतं, एखाद्या सरकारचा हिशेब आपल्या मराठी शेजाऱ्याकडे मागू नये.

मी देवळाली कॅम्पात राहतो, सॉफ्टवेअरचं काम करतो. आपल्याकडे माणसांची वाण नाही. जुम्म्याला मशिदी भरून वाहतात, पण बहुतेक ठिकाणी बायका घरीच. मदिनेत तर त्या पैगंबरसाहेबांच्या मागे नमाज पढत होत्या. मग बायकांसाठी वजूची सोय आणि एक सफ, एवढं ट्रस्टींकडे मागायला आपण कशाला कचरतो?