प्रबंध खुले झाले, पण सापडतात का?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात पीएच.डी.चा प्रबंध सादर केला. मात्र छापील प्रती जमा केल्याशिवाय पदवी द्यायची नाही, असा तेथील नियम होता. पुढे १९२५ मध्ये लंडनच्या पी. एस. किंग या प्रकाशन संस्थेने ‘द इव्होल्यूशन ऑफ प्रोव्हिन्शियल फायनान्स इन ब्रिटिश इंडिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि १९२७ मध्ये बाबासाहेबांना रीतसर पदवी मिळाली. हा नियम गरीब विद्यार्थ्याला जाचक होता हे खरे. पण ज्या संशोधनावर पदवी मिळते ते लोकांसमोर आले पाहिजे, हे त्यामागचे तत्त्व मोलाचे होते.

आपल्या विद्यापीठांनी वर्षानुवर्षे नेमके उलटे केले. प्रबंध टंकलिखित व्हायचा, बांधणी व्हायची आणि ग्रंथालयाच्या कपाटात जायचा. तो पाहायचा तर शिफारसपत्र आणा, ओळखपत्र दाखवा, तिथेच बसून वाचा. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या विद्यार्थ्याने त्यासाठी मुंबई-पुण्याच्या किती खेपा घालायच्या? वस्तीतल्या ज्या बायाबापड्यांनी प्रश्नावल्या भरून दिल्या, त्यांच्या लेकरांनाही तो प्रबंध पाहायला मिळत नव्हता.

ही कोंडी २००९ मध्ये फुटली. एम.फिल. व पीएच.डी.विषयीच्या विनियमांत विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे बंधनकारक केले. गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ केंद्राने ‘शोधगंगा’ हे भांडार उभे केले. आज तेथे पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत. ते वाचायला पैसे लागत नाहीत, की कोणाचे शिफारसपत्र लागत नाही.

ही निव्वळ सोय नव्हे. प्रबंध कपाटात बंद असतो तेव्हा त्याचा न्यायनिवाडा मार्गदर्शक आणि दोन-चार परीक्षकच करतात. आरक्षणातून आलेल्या संशोधकाच्या गुणवत्तेवर शंका घेणारे पुष्कळ असतात. त्यांच्या स्वतःच्या प्रबंधाची तपासणी मात्र कोणी करीत नाही. प्रबंध खुले झाल्याने सर्वांना एकच माप लागू होते. कोणी कोणाचे उतरवले, जुनेच संशोधन नव्या शीर्षकाखाली कोणी खपवले, हे आता कोणालाही पडताळता येते. २०१८ च्या विनियमांनी वाङ्मयचौर्याला टक्केवारीनुसार शिक्षा ठरवली आहे. पण यंत्र फक्त शब्दांचे साम्य मोजते. चोरलेला विचार जाणकार वाचकच पकडतो, आणि तो वाचक केवळ विद्यापीठातच असतो असे नाही.

प्रबंध खुला केला तर आपली मेहनत दुसरा लाटेल, अशी भीती अनेक तरुण संशोधकांना वाटते. ही भीती निराधार नाही. पण कपाटातल्या प्रबंधातून चोरी झाली तर ती उघडकीस येणार कशी? सार्वजनिक भांडारातली नोंद हाच लेखकाच्या हाती पुरावा असतो. ज्याला प्रबंधाचे पुस्तक काढायचे आहे, त्याला ठरावीक मुदत जरूर द्यावी. मात्र मुदत म्हणजे कायमचे कुलूप नव्हे.

खरी उणीव वेगळीच आहे. मराठीतले अनेक प्रबंध पानांची छायाचित्रे काढावीत तसे स्कॅन केलेले आहेत. काही युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेले आहेत. त्यामुळे आतला मजकूर शोधता येत नाही. ‘महार वतन’ किंवा ‘भूमिहीन शेतमजूर’ असे शब्द टाकले तर प्रबंध असूनही समोर येत नाही. इंग्रजी प्रबंध चटकन सापडतो, मराठी प्रबंध भांडारात असूनही हरवतो. दार उघडले, पण आत अंधार! याचा फटका मराठीत लिहिणाऱ्या बहुजन संशोधकालाच बसतो.

म्हणून विद्यापीठांनी यापुढे मराठी प्रबंध युनिकोडमध्येच स्वीकारावेत. शीर्षक आणि सारांश देवनागरीत नोंदवावा. २००९ पूर्वीचे प्रबंध कपाटातून काढून शोधता येतील अशा स्वरूपात आणावेत. संशोधकाला शिष्यवृत्ती आणि प्राध्यापकाला पगार जनतेच्या पैशातून मिळतो. त्या पैशातून निर्माण झालेले ज्ञान जनतेला मिळणे हे कोणाचे उपकार नव्हेत, तो तिचा हक्क आहे. आणि हक्क मागितल्याशिवाय मिळत नाही, हे आपल्या समाजाला कोणी नव्याने सांगण्याची गरज नाही.