अंगणातली आरएक्स

तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली परदेशी गाडी सर्वसाधारणपणे आयात करता येत नाही. त्यामुळे नव्वदीतली जपानी स्पोर्ट्स कार बुऱ्हाणपुरात आणणं स्वप्नच. मग हौस भागवते ती १९८५ सालची यामाहा आरएक्स १००. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन अंगणात पोतं अंथरून खोलता येतं. एक्झॉस्टच्या तोंडाशी साचलेली काजळी हलक्या हातानं खरवडावी, कारण सिलिंडरला ओरखडा पडला की बोअरच करावं लागतं. सायलेन्सर कापून कर्कश आवाज काढणाऱ्यांना मात्र आमचा ठाम विरोध आहे. कंपनीनं दिलेली मूळ रचना मनमानीपणे बदलू नये, हे सर्वोच्च न्यायालयानंही २०१९मध्ये बजावलं आहे. मूळ कार्ब्युरेटर शोधून बसवणाऱ्या पोरांसाठी हा अंक.