बाग बंद करू नका, बागेचा डोस ठरवा

दवाखान्यात बीपी मोजताना पेशंटचा हात माझ्या हातात असतो. बऱ्याच ज्येष्ठ मंडळींच्या नखांत माती दिसते, बोटांवर गुलाबाच्या काट्यांचे ओरखडे दिसतात. पूर्वी मी ते बघून न बघितल्यासारखं करायचो. आता आवर्जून विचारतो, "काय लावलंय सध्या?" औषधांबद्दल हो-नाहीत उत्तर देणारा माणूस या प्रश्नावर पाच मिनिटं बोलतो. आणि त्या पाच मिनिटांत मला कळतं की गुडघा किती वाकतो, तोल कसा आहे, दम कधी लागतो आणि घरात कोण कोणाशी बोलत नाही.

हा प्रश्न विचारायला मला एका काकूंनी शिकवलं. त्यात माझी चूक आहे, म्हणून सांगतो.

काकू चौऱ्याहत्तर वर्षांच्या. धरमपेठेत आंगण असलेलं घर होतं, ते पाडून तिथे फ्लॅट झाले. आंगणातलं जे कुंडीत मावलं ते गच्चीवर गेलं. तुळस, मोगरा, जास्वंद, गोडनिंब, हिवाळ्यात सांभार आणि पालक, मिळून पस्तीस कुंड्या. एका सकाळी भिजलेली तुळशीची कुंडी वाकून उचलली आणि पाठीत कळ आली. एक्स-रेमध्ये मणका दबलेला दिसला. ऑस्टिओपोरोसिस म्हणजे हाडं विरळ झालेली असली की असं होतं. पडावंही लागत नाही, पुढे वाकून वजन उचललं तरी पुरतं. मी औषधं दिली, पट्टा दिला आणि चिठ्ठीच्या खाली लिहिलं, "बागकाम पूर्ण बंद." मुलाला बरंच वाटलं. त्याने आठवड्याभरात कुंड्या वाटून टाकल्या.

आठ महिन्यांनी काकू आल्या तेव्हा पाठ बरी होती, बाकी काहीच बरं नव्हतं. वजन वाढलेलं, शुगर चढलेली. खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी रेटा द्यावा लागत होता. रात्री बाथरूमकडे जाताना एकदा पडल्याही होत्या. मी म्हटलं, "काकू, फिरायला जात जा ना. ट्रॅफिक पार्क जवळच आहे." त्या म्हणाल्या, "तिथे कोण माझी वाट पाहून राहिलं आहे?" मग थोडं थांबून, "डॉक्टर, गोळी बंद करायची असली तर तुम्ही हळूहळू कमी करा म्हणता. अन् बाग एका दिवसात बंद करून टाकली."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

आता माझं मत सरळ सांगतो. वयस्क माणसाला "आता हे सोडा" म्हणणं बहुतेक वेळा आम्हा डॉक्टरांची आणि घरच्यांची सोय असते. आम्हाला दोष नको असतो, मुलांना धावपळ नको असते. पण सोडण्याचेही दुष्परिणाम असतात आणि ते कुठल्याच चिठ्ठीवर छापलेले नसतात. २००७ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात निरोगी ज्येष्ठांना फक्त दहा दिवस अंथरुणावर ठेवलं होतं. तेवढ्यात त्यांच्या पायांतला स्नायूंचा भाग सरासरी जवळजवळ एक किलोने घटला. तरुणपणी गेलेला स्नायू परत येतो, सत्तरीत तो फार कष्टाने येतो. आणि मांडीचा स्नायू गेला की गुडघा जास्त दुखतो, तोल जातो, माणूस पडतो. म्हणजे पडू नये म्हणून सोडलेलं काम शेवटी पाडतं.

जागतिक आरोग्य संघटनेचा २०२०चा सल्ला आहे की प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी, आणि पासष्टीनंतर आठवड्यातून तीन दिवस तरी तोल आणि ताकद वाढवणाऱ्या हालचाली कराव्यात. हे वाचून कोणी जिममध्ये जात नाही. पण झारी घेऊन गच्चीवर चार फेऱ्या, वाकणं, वळणं, हात वर करून वेल बांधणं, माती मोकळी करणं यात त्यातलं बरंच येतं. शिवाय रोप रोज बोलावतं. ट्रेडमिल बोलावत नाही.

इथेच दुसरी बाजूही सांगतो, कारण व्हॉट्सॲपवर उलट टोकाचे संदेश फिरत असतात. बागकामाने मधुमेह बरा होत नाही. मातीला हात लावल्याने बीपीची गोळी सुटत नाही. गच्चीत उगवलेल्या गव्हांकुरांच्या रसाने किडनी साफ होत नाही. उलट किडनीच्या काही पेशंटना हिरव्या पाल्याचं पोटॅशियम त्रासदायक ठरतं. वॉरफरिन घेणाऱ्या एका काकांचा पालक एकदम फोफावला, त्यांनी तो रोज खाल्ला आणि रक्त पातळ ठेवण्याचं सगळं गणित बिघडलं. पालक खाऊ नये असं नाही, रोजचं प्रमाण सारखं असावं. बाग औषधाच्या जागी नाही, औषधाच्या शेजारी.

तर डोस कसा ठरवायचा?

सगळ्यात आधी उंची. जमिनीवर उकिडवं बसून निंदणं हे झिजलेल्या गुडघ्यांसाठी सगळ्यात वाईट, आणि कमरेतून वाकून कुंडी उचलणं विरळ हाडांसाठी सगळ्यात वाईट. दोन्हीवर उपाय एकच. कुंडी वर आणा. कमरेच्या उंचीचा लोखंडी स्टँड कुठलाही वेल्डर करून देतो. त्याच्यासमोर पाठ असलेली खुर्ची ठेवा, स्टूल नको. बारा इंची मातीची कुंडी भिजली की वीस किलोच्या आसपास सहज जाते, तिला हात लावायचाच नाही. प्लॅस्टिकची हलकी कुंडी किंवा ग्रो बॅग घ्या, आत नुसती काळी माती न भरता कोकोपीट आणि कुजलेला पालापाचोळा मिसळा. आपल्याकडची काळी माती तशीही कुंडीत चिकटून बसते, उन्हाळ्यात भेगाळते. पालापाचोळ्यावर गच्चीत भाज्या पिकवायची कल्पना श्री. अ. दाभोलकर आणि त्यांच्या प्रयोग परिवाराने कितीतरी वर्षांपूर्वी मांडली होती. त्यांनी ती उत्पन्नासाठी मांडली, मी ती मणक्यासाठी लिहून देतो. पाण्याची भरलेली बादली म्हणजे पंधरा किलो. तिच्याऐवजी दीड-दोन लिटरची झारी, दोन फेऱ्या जास्त झाल्या तरी चालतील.

खत किंवा कोकोपीटची पिशवी उघडताना तोंड लांब ठेवा, आधी थोडं पाणी शिंपडा आणि मास्क लावा. दमेकऱ्यांनी तर नक्कीच. कुजलेल्या पाल्यात बुरशी असते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये कुंडीच्या खतातून लिजनेला नावाच्या जंतूचा न्यूमोनिया झालेला आहे, म्हणून तिथे पिशवीवरच इशारा छापतात.

दुसरं, उठणं. खाली वाकून बराच वेळ काम केलं आणि एकदम उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचं बीपी वीस किंवा त्याहून जास्त उतरलं तर ते नोंद घेण्यासारखं आहे. लघवी वाढवणाऱ्या बीपीच्या गोळ्या, प्रोस्टेटच्या काही गोळ्या, जुना मधुमेह, यांत हे हमखास दिसतं. गच्चीच्या कठड्याजवळ अशी अंधारी येणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. आधी बसा, दहा आकडे मोजा, मग काहीतरी धरून उठा. वारंवार होत असेल तर गोळी स्वतःच्या मनाने सोडू नका. डॉक्टरांना बसून आणि उभं राहून असं दोन वेळा बीपी मोजायला सांगा. आम्ही घाईत विसरतो, तुम्ही आठवण करा.

तिसरं ऊन, आणि नागपूरकरांना उन्हाचं मी काय सांगावं! २३ मे २०१३ ला आपण ४७.९ अंश पाहिले आहेत. पण एक गोष्ट आपल्यालाही ठाऊक नसते. वय वाढलं की तहान कमी लागते, घामही कमी येतो. शरीर तापलेलं असतं आणि माणूस म्हणतो, "मला तर काहीच होऊन नाही राहिलं." लघवीच्या गोळ्या आणि काही मानसिक आजारांवरची औषधं हा धोका वाढवतात. एप्रिलपासून मृग लागेपर्यंत बागेची वेळ सकाळी सातच्या आत, वीस मिनिटं. संध्याकाळचं पाणी सूर्य मावळून स्लॅब निवल्यावर. नवतपात तर झाडं हिरव्या जाळीखाली सोडा आणि पाणी घालायचं काम घरातल्या तरुणाला द्या. त्या नऊ दिवसांत दोन रोपं गेली तर जाऊ द्या. "पाणी भरपूर प्या" हा सल्लाही सगळ्यांना नाही. हृदय कमजोर असलेल्यांनी किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. डिसेंबर-जानेवारीत उलटं आहे. कडाक्याच्या थंडीत बीपी चढतं, तेव्हा शेवंतीला भेटायला पहाटे जायची गरज नाही. ऊन अंगावर येऊ द्या, मग जा.

मधुमेहींच्या पायांबद्दल मी थोडा कडक आहे. तुळशीला पाणी घालायला अनवाणी जायचं ही श्रद्धा मी समजू शकतो. पण पायांची संवेदना गेलेली असते तेव्हा मे महिन्यातला स्लॅब भाजतो आणि कळत नाही. काटा रुततो आणि मोज्याला रक्त लागल्यावर चार दिवसांनी लक्षात येतं. अशा जखमेपायी बोट काढावं लागलेले पेशंट मी पाहिले आहेत. तुळशीपाशी वापरायला वेगळी, फक्त गच्चीवरची, मागे पट्टा असलेली चप्पल ठेवा. देवाचा राग आला तर माझं नाव सांगा. परत आल्यावर तळवे आरशात बघा. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांत झालेलं नसेल तर घेऊन टाका.

डोळ्याला फांदी, पातं किंवा काटा लागला तर केमिस्टकडून थेंब आणून घालू नका. झाडाच्या जखमेत बुरशी शिरते, आणि त्या थेंबात स्टेरॉइड असेल तर बुबुळ पांढरं होईपर्यंत वेळ निघून जाते. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ.

फवारणीबद्दल एकच. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या शेजारी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. शेतातली ती बाटली दोन जास्वंदींच्या मिलीबगसाठी फ्लॅटमध्ये आणू नका. साबणाचं पाणी, निंबोळी तेल, नाहीतर जुना टूथब्रश. आणि कुंड्यांखालच्या थाळ्या! डेंगीचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात आठ-दहा दिवसांत तयार होतो. आपण कुलरच्या टाकीवर सगळं खापर फोडतो, पण थाळ्यांकडे बघत नाही. त्याची अंडी कोरड्या भिंतीला महिनोन्‌महिने चिकटून राहतात, त्यामुळे थाळी नुसती उपडी करून भागत नाही, आठवड्याला घासावी लागते.

घरच्यांना एक विनंती. आई-बाबांच्या कुंड्या त्यांना न विचारता हलवू नका. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरीचं पाणी वस्त्यांत शिरलं, तेव्हा माझ्या एका ऐंशी वर्षांच्या पेशंटच्या तळमजल्यावरचा फ्रिज, सोफा, सगळं गेलं. काका त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. बोलले ते बायकोने लावलेल्या मोगऱ्याबद्दल. ती जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलाने दुसऱ्या दिवशी नर्सरीतून नवा मोगरा आणला. मुलाचा हेतू चांगला होता. काकांनी त्याला पाणीसुद्धा घातलं नाही. मग कोणीतरी जुन्याच्या बुंध्याजवळची चिखलातली एक काडी शोधून कुंडीत खोचली. काकांची झोपेची गोळी मी त्यानंतर कमी करू शकलो. काडी फुटली म्हणून की वेळ गेला म्हणून, ते मी ठामपणे सांगणार नाही.

आणि खरंच काही करता येत नसेल तेव्हा? पार्किन्सन वाढलेला असतो, अर्धांगवायू झालेला असतो, दम पायरीवरच लागतो. तेव्हाही बाग पूर्ण संपत नाही, काम बदलतं. खुर्चीत बसून माळ्याला सूचना देणं, पूजेची फुलं वेचणं, मटार सोलताना बी बाजूला ठेवणं. अंथरुणाला खिळलेल्यांची खाट खिडकीकडे वळवा आणि खिडकीत एक कुंडी ठेवा. रॉजर उलरिच यांचा १९८४ चा अभ्यास डॉक्टरांमध्ये प्रसिद्ध आहे. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. पेशंट फक्त सेहेचाळीस होते, त्यामुळे त्यावर मोठे इमले बांधू नयेत. पण खाट फिरवायला खर्च काय येतो?

काकूंची बाग आम्ही परत सुरू केली. आधी सहा आठवडे खुर्चीतून हात न टेकता उठायचा सराव, हाडांचं औषध चालूच. मग तीन कुंड्या, मग सहा, आता अकरा, सगळ्या स्टँडवर. पस्तीस पुन्हा होणार नाहीत, हे त्यांना मान्य नाही पण माहीत आहे. शुगर थोडी उतरली, गोळी तीच आहे. पाठ अधूनमधून दुखते. रात्रीचं पडणं नंतर झालेलं नाही, पण त्यात बाथरूममधल्या नव्या दांडीचाही वाटा आहे.

गेल्या आठवड्यात त्या गोडनिंबाची जुडी घेऊन आल्या आणि बाराव्या कुंडीची परवानगी मागितली. मी कुंडीचं वजन विचारलं.