खराट्याच्या पलीकडे

सन २०२१च्या फेब्रुवारीत महासाथीची दुसरी लाट अमरावती व अकोला या जिल्ह्यांत उसळली, तेव्हा खाटा आणि प्राणवायू यांच्या विवंचनेत गढलेल्या वऱ्हाडास, रुग्णालयांच्या मागील दाराने दुहेरी पिवळ्या पिशव्यांतून निघणारे संसर्गजन्य ओझे कोण उचलतो, हे पाहण्यास फारशी सवड नव्हती.

वस्तुतः १९९८ साली प्रथम आणि २०१६ साली नव्याने जारी झालेल्या, रुग्णालयांतील केराविषयीच्या केंद्रीय नियमांत डब्यांचे रंगदेखील मुक्रर आहेत: रक्ताळलेल्या पट्ट्या पिवळ्यात, सलाईनच्या नळ्या लाल डब्यात, सुया अभेद्य पांढऱ्या पेटीत, काचेच्या कुप्या निळ्यात. रुग्णालयांतील सुमारे ८५ टक्के केर, जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, घरच्या केराइतकाच निरुपद्रवी असतो. मात्र एक सुई त्यात पडली की सारा ढीग संशयित ठरतो. गुजरातेतील मोडासा येथे २००९ साली वापरलेल्या सिरिंजा पुन्हा रुग्णांच्या दंडापर्यंत पोहोचल्या आणि ‘ब’ प्रकारच्या काविळीने अनेकांचे प्राण घेतले.

गाडगेबाबांच्या या मुलखात खराट्याचे माहात्म्य कोणास सांगावयास नको; परंतु बाबांची क्षमा मागून म्हणावे लागते की रुग्णालयाच्या केरापुढे खराटा निरुपयोगी आहे, कारण तो सर्व काही एकत्र लोटतो, आणि येथील निवड तर रुग्णाच्या उशाशीच, परिचारिकेच्या हातून व्हावी लागते.

राहता राहिल्या मधुमेहींच्या घरातील सुया. त्या घंटागाडीत पडू नयेत, यासाठी अमरावती व अकोला या दोन्ही महानगरपालिकांनी औषधविक्रेत्यांकडे जाड पेट्या ठेवविण्याची तजवीज करावी, अशी आमची सूचना आहे.