‘शुगर-फ्री’ वडी आणि आपले काउंटर



माझ्या एका प्रमेही रुग्णाची उपाशीपोटीची रक्तशर्करा तीन महिन्यांत १२८ वरून १७६ वर गेली. औषधे तीच, भातही सोडलेला. खोदून विचारता कळले की ते रोज चार ‘शुगर-फ्री’ खजूर-सुकामेवा वड्या खात होते, आणि तो डबा त्यांनी माझ्याच दवाखान्याच्या काउंटरवरून नेला होता. वेष्टनावरील घटक मी वाचलेच नव्हते.

वाळलेल्या खजुरात वजनाच्या सुमारे दोन-तृतीयांश शर्कराच असते. गुळाचे तर सांगावयासच नको. प्रमेहाच्या हेतूंमध्ये चरकाचार्यांनी गुडविकारांचा स्पष्ट निर्देश केला आहे. काही उत्पादक मध घालून वडी भट्टीत भाजतात. मधाला अग्नी दाखविण्याविषयी वैद्यांना मी काय सांगावे! माल्टिटॉलसारखी गोडी वापरलेली वडीही निर्दोष नव्हे. ती साखरेपेक्षा कमी, पण रक्तशर्करा वाढवितेच, आणि अतिमात्रेत द्रवमलप्रवृत्ती करते.

औषधालयाच्या मालकांनी एक बाब विशेष ध्यानात घ्यावी. अन्नपदार्थांच्या जाहिराती व दाव्यांविषयीच्या २०१८ च्या केंद्रीय विनियमांप्रमाणे ‘शर्करामुक्त’ म्हणविणाऱ्या घन पदार्थात १०० ग्रॅममागे ०.५ ग्रॅमहून अधिक शर्करा चालत नाही. बदामात अंगचीच सुमारे ४ ग्रॅम शर्करा असते. म्हणजे निव्वळ बदामाची वडीसुद्धा या शब्दास पात्र नाही. तिला फार तर ‘साखर न घातलेली’ म्हणता येईल; साखरेच्या जागी खजूर योजला असल्यास तेही नाही.

यास्तव मी आता रुग्णांना वडी घरीच करावयास सांगतो. १०० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे तेल सुटेपर्यंत वाटावेत. त्यात ५० ग्रॅम बदाम व २५ ग्रॅम अक्रोड भरड कुटून आणि २५ ग्रॅम भाजलेले तीळ घालावेत. पाकावाचून वडी बांधायची कशी, हा गृहिणींचा पहिला प्रश्न असतो. दोन चमचे जवसाची पूड सहा चमचे गरम पाण्यात दहा मिनिटे भिजविली की बुळबुळीत होते, तीच बांधते. सुंठ, वेलदोडा व चिमूटभर सैंधव घालून मिश्रण ताटलीत दाबून थापावे, मंद आचेवर वीसेक मिनिटे भाजावे आणि पूर्ण निवल्यावर दहा वड्या कापाव्यात. चिक्कीसारखी कुरकुरीत होत नाही, हे आधीच सांगून टाकावे. शीतकपाटात आठवडाभर टिकते. शेंगदाणे खवट वा बुरशीचे नसावेत.

परंतु साखर नाही म्हणजे पथ्य झाले, असे नव्हे. वाताम, अक्षोट आदी फळे चरकसंहितेत गुरु, स्निग्ध, उष्ण, बृंहण आणि कफपित्तवर्धक सांगितली आहेत. अशा एका वडीत सुमारे १२५ कॅलरी असतात. कृश, दुर्बल प्रमेह्यास, अग्नी बरा असेल तर, सकाळी एक वडी द्यावी. ती चहा-बिस्किटांच्या ऐवजी, त्यांच्या जोडीला नव्हे. स्थूल, मेदस्वी प्रमेह्यास मी ती देत नाही; त्याने मागितली तरी. वृक्करोग्यास द्यावयाची झाल्यास आधी त्याचे रक्ततपासणीचे अहवाल पाहावेत.

माझ्या काउंटरवरील डबा आता गेला. तेथे या कृतीचा छापील कागद असतो. एका औषधालयमालक स्नेह्यांनी विचारले, “मग डॉक्टर, आम्ही विकायचे काय?” त्या डब्यांपासून महिन्याकाठी मिळणारी रक्कम थोडी नव्हती, हे मलाही ठाऊक आहे. मी त्यांना जवस, तीळ आणि सुंठ सुटी ठेवावयास सुचविले आहे.