नवे पान आणि न जेवलेला नातू

मुलीकडे न्यू जर्सीला सहा महिन्यांसाठी गेलेल्या एका आजोबांचे पत्र माझ्यासमोर आहे. २०२५ च्या सप्टेंबरात एका संध्याकाळी त्यांचा सोळा वर्षांचा नातू जेवणाच्या टेबलावरून अर्धवट उठून गेला. कारण विचारले तेव्हा म्हणाला, ''आमच्या खेळात त्यांनी स्पायडर-मॅन आणलाय.'' आजोबा लिहितात, ''मला हसू आले आणि ते त्याने पाहिले. त्यानंतर चार दिवस तो माझ्याशी धड बोलला नाही. हा काही मानसिक आजार तर नव्हे?''

आजाराचे पुढे पाहू. आधी तो खेळ समजून घेऊ. परदेशी असलेल्या आपल्या नातवंडांपैकी अनेकांच्या कपाटात त्याची कार्डे असतात, आणि आपण ती 'काहीतरी चित्रे' म्हणून बाजूला सारतो.

आपण रमी खेळलो, मेंढीकोट खेळलो, मे महिन्याच्या दुपारी बदाम सातमध्ये घालवल्या. त्या साऱ्या खेळांत पत्त्यांची पाने ठरलेलीच. किलवरच्या गुलामाला आपल्या लहानपणी जी किंमत होती तीच आजही आहे. नवे पान कोणी आणीत नाही. आता अशी कल्पना करा की, दर दोन-तीन महिन्यांनी बाजारात शेकडो नवी पाने येतात, आणि त्यांतले एखादे आपल्या हुकमाच्या एक्क्यालाही मारते. आपण वर्षानुवर्षे बसवलेला डाव एका दिवसात जुना होतो. 'मॅजिक: द गॅदरिंग' हा खेळ असा आहे.

रिचर्ड गारफील्ड या अमेरिकन गणितज्ञाने तो रचला आणि १९९३ मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने तो बाजारात आणला. पहिल्या संचात २९५ कार्डे होती. आज निरनिराळ्या कार्डांची संख्या पंचवीस हजारांच्या पुढे गेली आहे. खेळाडू त्यांतून निवड करून किमान ६० कार्डांचा स्वतःचा कॅट बांधतो. काही मूलभूत कार्डे वगळता एकाच नावाची चारांहून अधिक कार्डे त्यात चालत नाहीत. नेहमीच्या प्रकारात प्रत्येकाजवळ आरंभी २० प्राण असतात आणि प्रतिपक्षाचे प्राण शून्यावर आणायचे असतात. नवा संच विक्रीला येण्यापूर्वी त्यातील कार्डे थोडी थोडी करून दाखवली जातात. ते दिवस या खेळाच्या चाहत्यांना परीक्षेच्या निकालासारखे असतात. कोणी हरखतो, कोणी 'खेळ बुडाला' म्हणून जाहीर करतो. खेळ बुडाल्याची ही घोषणा गेली तीस वर्षे नियमाने होत आली आहे, हेही सांगितले पाहिजे.

मग स्पायडर-मॅनवर एवढा राग का? या खेळाचे स्वतःचे एक जग आहे. त्यात ड्रॅगन आहेत, जादूगार आहेत, उडती नगरे आहेत, आणि त्यांच्या कथा वर्षानुवर्षे पुढे सरकत आल्या आहेत. २०२० मध्ये एका दूरचित्रवाणी मालिकेतील पात्रे कार्डांवर आली तेव्हा मोठा गदारोळ झाला. २०२३ मध्ये 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा संच आला. तलवारी आणि जादूगारांचे ते विश्व बहुतेकांना आपल्याच जातकुळीचे वाटले, म्हणून स्वागतही झाले. २०२५ च्या जूनमध्ये 'फायनल फँटसी' या व्हिडिओ गेमवरचा संच आला, तो प्रचंड खपला आणि त्याच्यामुळे कितीतरी नवे खेळाडू आले. सप्टेंबरात मात्र न्यूयॉर्कच्या इमारतींवरून लोंबकळणारा स्पायडर-मॅन आला आणि अनेक जुन्या खेळाडूंना आपल्या घरात परके बिऱ्हाड आल्यासारखे झाले. कीर्तनाच्या उत्तररंगात बुवांनी एकाएकी चित्रपटातील नायकाचे आख्यान लावले, तर मागच्या रांगेतील आजी उठून जातील की नाही?

नातवाशी बोलणे सुरू करायचे असेल, तर या खेळाचे एक प्रमुख रचनाकार मार्क रोझवॉटर यांनी २००२ मध्ये केलेली विभागणी उपयोगी पडेल. खेळाडूंचे त्यांनी तीन स्वभाव कल्पिले आणि त्यांना टिमी, जॉनी व स्पाइक अशी नावे दिली. टिमीला भव्य, थरारक काही घडायला हवे असते. जॉनीला स्वतःच्या कल्पकतेने कोणाला न सुचलेला डाव जुळवायचा असतो. स्पाइकला जिंकायचे असते. एकच नवे कार्ड पाहून टिमी उड्या मारील, जॉनी विचारात पडेल आणि स्पाइक ते दूर सारील. कथा आणि चित्रे यांवरच जीव असणाराही एक वर्ग आहे; पत्रातला नातू बहुधा त्यातला असावा. 'तू यांतला कोणता?' एवढे विचारून पाहा. 'किती वेळ घालवतोस यात?' यापेक्षा या प्रश्नाला उत्तर खात्रीने लांब मिळेल.

कार्डाविषयी त्याचे मत चुकीचेही असू शकते. चाहत्यांची पहिली मते या खेळात पुष्कळदा फसली आहेत. १९९५ च्या 'आइस एज' संचातील 'नेक्रोपोटन्स' हे कार्ड स्वतःचा एकेक प्राण देऊन नवी कार्डे मिळवू देते. स्वतःचाच जीव कोण खर्चील, म्हणून अनेकांनी ते निकामी ठरवले. पुढच्याच वर्षी त्यावर बांधलेल्या डावांनी इतका धुमाकूळ घातला की, १९९६ चा उन्हाळा खेळाडूंमध्ये 'काळा उन्हाळा' म्हणून ओळखला जातो. शेवटचा एक प्राण राखला म्हणजे आधीचे एकोणीस खर्च करता येतात, हे लोकांना उशिरा उमगले. (घरातील रुग्णाची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्यांना हा हिशेब नवा नाही. मात्र आपल्या बाबतीत प्राणांचा आकडा समोर मांडलेला नसतो.)

आता आजाराचा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, म्हणजे २०२२ पासून, 'गेमिंग डिसऑर्डर'ला स्थान आहे. पण ते व्हिडिओ आणि डिजिटल खेळांपुरते. तरी त्यातील खुणा येथेही ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत: खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर साऱ्या गोष्टींहून खेळच मोठा होणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणे. तेही साधारणतः वर्षभर टिकलेले असावे लागते. एका रात्रीचे अर्धवट जेवण यात बसत नाही. झोप सतत बिघडली, मित्र तुटले, शाळा मागे पडली, पैशांविषयी खोटे बोलणे सुरू झाले, तर आधी त्याच्या आईवडिलांशी बोलावे आणि मग डॉक्टरांशी.

पैशांविषयी अधिक सावध राहावे. बंद पाकिटात कोणती कार्डे निघतील हे विकत घेणाऱ्याला ठाऊक नसते. त्यात सोडतीची गोडी असते. नातवाच्या हातावर नोटा ठेवायच्याच असतील, तर पाकिटांऐवजी त्याला हवे असलेले नेमके एखादे कार्ड घेऊन द्यावे. सुटी कार्डेही विकत मिळतात. आणि आवराआवर करताना जुनी कार्डे कृपा करून रद्दीत घालू नयेत. १९९५ मध्ये 'क्रॉनिकल्स' या संचात जुनी कार्डे पुन्हा छापली गेली, तेव्हा आपल्या संग्रहाची किंमत घसरली म्हणून चाहते इतके संतापले की, काही कार्डे पुन्हा कधीच छापणार नाही अशी यादी कंपनीला १९९६ मध्ये जाहीर करावी लागली. त्या यादीतील काही कार्डांचे मोल आज हजारो डॉलरांत आहे.

राहिले ते हसू. माझे स्पष्ट मत आहे की, त्या मुलाला स्पायडर-मॅनपेक्षा आजोबांचे हसणे अधिक लागले. वर्षानुवर्षे घेत असलेली रक्तदाबाची गोळी औषधवाल्याने एके दिवशी दुसऱ्या कंपनीची, दुसऱ्या रंगाची दिली, तर आपण किती अस्वस्थ होतो! आतले औषध तेच असते, तरी आपण पट्टी चार वेळा उलटून पाहतो. तेव्हा मुलगी ''त्यात काय एवढं, बाबा'' म्हणून हसली की आपणही चार दिवस मनात धरतोच.

आजोबांनी त्याला ते कार्ड दाखवायला सांगावे. चष्म्याबरोबर भिंगही जवळ असू द्यावे. कार्ड अवघे ६३ मिलिमीटर रुंद आणि ८८ मिलिमीटर उंच असते आणि त्यावरील मजकूर फार बारीक छापलेला असतो. तो आपल्याला वाचता आला नाही, तर नातवालाच मोठ्याने वाचून दाखवावा लागेल.