घरचा आरोग्यविचार : आतड्याचा पीळ सुटला म्हणजे संपला नव्हे

पोट दुखूं लागलें कीं वायु धरला असें म्हणून ओवा-हिंगावर निभावून नेण्याची आपल्या घरांतून जुनी रीत आहे, आणि बहुधा तेवढ्यानें भागतेंही. परंतु ज्या एका दुखण्यांत ही रीत जिवावर बेतते, त्याचा विचार या वेळीं करूं. तें दुखणें म्हणजे आतड्यास पीळ पडणें.

मोठ्या आतड्याचा गुदाशयाच्या वरचा वळणदार भाग, ज्यास डॉक्टर सिग्मॉइड म्हणतात, तो कित्येकांच्या पोटांत फार लांबलेला असतो. त्याचीं दोन्ही टोकें मात्र जवळजवळ असतात. असा लांब वळसा आपल्याच बुडाभोंवतीं फिरला म्हणजे मार्ग बंद होतो, पोट ढोलासारखें फुगतें, कळा येतात, शौचास होत नाहीं व वायुही सरत नाहीं. पीळ घट्ट बसल्यास रक्तवाहिन्या दाबल्या जाऊन आतडें कांहीं तासांतच काळें पडूं शकतें. वृद्धांत व दीर्घकाल मलावरोध असणारांत हा विकार विशेष आढळतो.

अशा वेळीं एरंडेल किंवा दुसरें रेचक कदापि देऊं नये. बंद दारावर लोंढा सोडल्यासारखें तें होईल. पोट चोळूं नये. तोंडावाटें कांहीं न देतां रुग्णास शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयांत तत्काळ न्यावें.

आतडें जिवंत असल्यास डॉक्टर गुदद्वारांतून नळी सरकवून कोंडलेला वायु मोकळा करतात. नॉर्वेतील शल्यवैद्य ब्रूसगार्ड यांनीं १९४७ सालीं या उपायावर निबंध प्रसिद्ध केला, आणि आतां हें काम बहुधा दुर्बिणीनें होतें. पोट उतरतें, रुग्ण हंसूं-बोलूं लागतो, आणि घरचीं माणसें म्हणतात, "बरें झालें, आतां या वयांत कापाकापी कशाला?"

येथेंच घात होतो. नळीनें पीळ सुटतो, लांबलेलें आतडें तसेंच राहतें. केवळ नळीवर भागविलेल्या रुग्णांपैकीं निम्म्यांस किंवा त्याहूनही अधिकांस पीळ पुन्हां पडल्याचा अनुभव आहे. म्हणून प्रकृति झेपणारी असल्यास त्याच मुक्कामांत लांबलेला भाग काढून टोकें जोडून घेणें इष्ट. नुसते टांके घालून आतडें जखडल्यास पीळ परतण्याचा संभव अधिक राहतो. काळ्या पडलेल्या आतड्यावर घाईनें कराव्या लागणाऱ्या शस्त्रक्रियेंत मृत्यूचें भय कित्येक पटींनीं वाढतें, आणि पुष्कळदां मलासाठीं पोटावर तात्पुरतें द्वार ठेवावें लागतें.

अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनचा अहिल्यानगर, हा क्षेत्रफळानें महाराष्ट्रांतील सर्वांत मोठा जिल्हा. लोणीस १९८४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. खुद्द जिल्ह्याच्या गांवींही मोठीं रुग्णालयें आहेत. तथापि अकोल्याच्या डोंगरांतील वाडीवरून पावसाळ्याच्या रात्रीं तेथें पोंचण्यांत जे तास जातात, त्याच तासांवर आतड्याचें जगणें अवलंबून असतें. दुसरा पीळ केव्हां व कोठें पडेल हें आपल्या हातीं नाहीं; शस्त्रक्रिया निवांत वेळीं करून घेणें मात्र आहे.

हृदय वा फुप्फुसें दुर्बल असल्यास डॉक्टर निराळा सल्ला देतील, तो मानावा. परंतु निर्णय भयानें किंवा खर्चाच्या कुजबुजीनें परस्पर होऊं नये. ज्यांचें पोट, त्या वडीलधाऱ्यांस सर्व समजावून त्यांचें मत प्रथम विचारावें. शस्त्रक्रिया राहिलीच, तर रुग्णालयाचा कागद हाताशीं ठेवावा, आणि पोट फुगून वायु सरेनासा झाला कीं सकाळची वाट पाहावयाची नाहीं, हें घरांतील सुना-मुलांसह प्रत्येकास ठाऊक असावें.